एक वाजताचा निकाल

त्या अहवालात प्रांजल सावंतचं नाव नऊ वेळा आलं होतं. पहिल्यांदा वाचताना तिने मोजलं नाही, कारण डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. दुसऱ्यांदा वाचताना मोजलं.

अहवाल होता मेधांकुर परीक्षेच्या निकालाबद्दलचा. मुलुंडची एक जुनी शिक्षणसंस्था चौथीच्या आणि सातवीच्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती परीक्षा घेते आणि एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी एक वाजता निकाल वेबसाइटवर लावते. गेल्या वर्षी एक लाख ऐंशी हजार मुलं बसली होती. निकालाच्या दिवशी एक वाजून दोन मिनिटांनी वेबसाइट कोसळली, ती उभी राहिली पावणेपाच वाजता. तेवढ्या वेळात पालकांनी शाळांचे फोन वाजवून वाजवून शिक्षकांचा जीव नकोसा केला, कोणी तरी खोट्या गुणपत्रिका फिरवल्या, आणि बोरिवलीतली एक मुलगी दुपारभर आपण नापास झालो म्हणून रडत बसली. संध्याकाळी कळलं, ती सातवीत तिसरी आली होती.

ही वेबसाइट सांभाळायचं काम अंधेरीत मरोळला असलेल्या केयूर प्रधानच्या कंपनीकडे होतं, आणि त्या कंपनीत प्रांजल आठ वर्षं होती. वेबसाइट दिसायला कशी आहे याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. ती चालू आहे ना, लोकांनी बोट टेकवल्यावर पान पटकन उघडतंय ना, एकदम गर्दी झाली तर तग धरेल ना, एवढंच बघायचं. काम असं, की नीट केलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

केयूरने अहवालात लिहिलं होतं, 'निकालाच्या आदल्या दिवशी श्रीमती प्रांजल सावंत यांनी कोणाचीही परवानगी न घेता सर्व्हरची एक सेटिंग बदलली. त्यामुळे हा बिघाड झाला. त्यांना सेवामुक्त करण्यात आले आहे.' खाली एका सहकाऱ्याने हे खरं असल्याची सही केली होती. देवेश गावडे. आठ वर्षांपैकी सहा वर्षं तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसत होता. तिच्या डब्यातली सोलकढी त्याला लागायचीच.

प्रांजलने काहीही बदललं नव्हतं. उलट बदलू द्या म्हणून तीन मेल पाठवले होते. तिन्ही मेलची प्रत ज्यांना गेली त्यांत देवेशचंही नाव होतं.

बिघाड होता प्रोग्रामच्या एका ओळीत. मुलाने आपला क्रमांक टाकला की वेबसाइट त्याचे गुण दाखवायची आणि सोबत त्याचा गुणानुक्रम. तो अनुक्रम काढायला ती दर वेळी सगळी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायची: याच्यापेक्षा जास्त गुण किती जणांना? नऊ हजार मुलं होती तेव्हा यात काही अडचण नव्हती. एक लाख ऐंशी हजार मुलं झाल्यावर, आणि ती सगळी एका मिनिटात आल्यावर, यादी चाळता चाळता यंत्राचा दम निघायचा. उपाय साधा होता. सगळ्यांचे अनुक्रम आदल्या दिवशी एकदाच काढून ठेवायचे, प्रत्येक मुलाचं पान तयार करून ठेवायचं आणि आला की हातात द्यायचं. चार दिवसांचं काम.

"चालतंय ना? मग हात लावू नको," केयूर म्हणाला होता.

आणि कोसळल्यावर तोच तिला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "हे बघ प्रांजल, क्लायंटला एक नाव लागतं. कंपनीचं नाव देऊ का मी? सव्वीस माणसं आहेत इथे."

"म्हणून माझं देणार?"

"तुला काय, कुठेही नोकरी मिळेल."

ती केबिनमधून बाहेर आली तोवर तिचा मेल बंद झाला होता. ते तीन मेलही त्याच्यातच अडकले. देवेश स्क्रीनकडे बघत होता. ती त्याच्या खुर्चीपाशी थांबली, बॅग भरली, पाण्याची बाटली घेतली. त्याने मान वर केली नाही.

नोकरी कुठेही मिळाली नाही. अहवाल संस्थेने सगळ्या शाळांना पाठवला, शाळांमधून तो फिरत फिरत जिथे जायचा तिथे गेला. मुलाखती चांगल्या व्हायच्या, मग कोणी तरी विचारायचं, "मेधांकुरवाल्या प्रांजल सावंत तुम्हीच का?" एका ठिकाणी तर समोरचा माणूस हसला. ते हसू ती घरी घेऊन आली.

घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. घरात ती आणि बाबा. दत्ताराम सावंतांनी बावीस वर्षं गिरणीत काढली होती. गिरणी गेली तेव्हा एका शाळेत शिपाई म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले. मूळ मालवणकडचे. घरात बोलताना अजून तिकडचंच बोलायचे. लेकीचं काम त्यांना नेमकं कळत नव्हतं, पण ती खोटं बोलत नाही हे ठाऊक होतं. अहवाल आला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तू केलंस काय तां?" ती नाही म्हणाली. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

प्रांजल घाटकोपरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागली. आणि बाहेर, भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर, तिने एक पहारेकरी बसवला. त्याचं काम एकच. दर मिनिटाला केयूरच्या सातही ग्राहकांच्या वेबसाइटींचं दार ठोठावायचं, उघडलं का, किती सेकंदात उघडलं ते लिहून ठेवायचं. यात चोरी नव्हती. दार रस्त्यावरचंच होतं, कोणीही ठोठावावं. केयूरच्या स्वतःच्या साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के वेळ सुरू.' म्हणजे वर्षभरात जेमतेम बावन्न मिनिटं बंद.

"बघूया," ती म्हणाली.

रोज सकाळी चहा घेताना ती आदल्या दिवसाची नोंद वाचायची. कुठली साइट पडली असेल तर तिला बरं वाटायचं. हे बरं वाटणं चांगलं नाही हे तिला कळत होतं, आणि तरी बरं वाटायचं. कोणी तरी कुठे तरी फॉर्म भरत असताना पांढरं पान बघत बसलं असेल, याचं वाईट वाटण्याआधी तिचा चहा गोड व्हायचा.

एका मंगळवारी दुपारी तिच्या मनात आलं, सर्व्हरचा जुना पासवर्ड बदलला असेल का? तो तिनेच ठेवलेला होता. तिने लॉगिनचं पान उघडलं, पासवर्ड टाइप केला आणि बोट एंटरवर ठेवलं. आत शिरता आलं तर निकालाच्या दिवशी एक वाजता नुसती फुंकर मारायची होती.

बाबा समोर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय गो? तोंड असा कित्याक?"

"काही नाही."

"कोणाचो तरी गळो दाबतंस असा वाटता."

तिने बोट उचललं. भीती वाटली म्हणून नाही, केयूरच्या अहवालातलं खोटं आपण आपल्या हाताने खरं करायला निघालो होतो, ते ध्यानात आलं म्हणून. तिला केयूर आपल्या ढकलण्याने पडायला नको होता. तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पडायला हवा होता, आणि तोही चारचौघांत. तिने पान बंद केलं आणि देवेशला कंपनी सोडल्यानंतरचा पहिला मेसेज पाठवला: 'सर्व्हरचा पासवर्ड बदला. जुना मला अजून पाठ आहे.'

उत्तर आलं, 'ओके.' बाकी काही नाही. कशी आहेस, एवढंही नाही.

फेब्रुवारीत ती नोंदींचा गठ्ठा घेऊन मुलुंडला गेली. संस्थेच्या अध्यक्ष मधुवंतीबाई साठे, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. गेल्या वर्षी तो अहवाल त्यांनीच स्वीकारला होता आणि यंदाचं कामही पुन्हा केयूरलाच देणार होत्या.

"नाव ओळखीचं वाटतंय," बाई म्हणाल्या.

"तुमच्या अहवालात आहे. तुम्ही तो सगळ्या शाळांना पाठवलात, पण मला एक फोन केला नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. "तक्रार करायला आलात का?"

"नाही. आकडे दाखवायला."

बाईंनी गठ्ठा ओढून घेतला आणि मन लावून वाचला. "नऊ महिन्यांत आमची साइट एकसष्ट तास बंद. म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळ चालू होती. वाईट नाही हे."

"बाई, टक्केवारीत मुलं झोपलेली असतात तेही तास येतात. पान चौदा बघा. एकसष्टपैकी चव्वेचाळीस तास पाच दिवसांतले आहेत. फॉर्म भरायचे शेवटचे तीन दिवस आणि हॉल तिकिटं निघाली ते दोन. कोणी येत नाही तेव्हा चालू, सगळे येतात तेव्हा बंद."

बाईंनी पान चौदावरची बेरीज पेन्सिलीने पुन्हा करून पाहिली.

"तुमचं आणि त्या प्रधानांचं काय भांडण आहे त्यात मला रस नाही," त्या अखेर म्हणाल्या. "मला एक वाजता निकाल दिसायला हवा."

"मग आधी परीक्षा घ्या. आमची दोघांचीही. गेल्या वर्षीचे गुण नावं काढून आम्हाला द्या, दोघं साइट बांधतो, आणि सगळ्यांसमोर एकाच वेळी दोन्हींवर गर्दी सोडा. जी टिकेल ती घ्या."

बाईंच्या ओठांवर हसू आलं. परीक्षा हा शब्द त्यांना पटला होता.

"आणि एक अट घाला," प्रांजल म्हणाली. "साइट पडली तर जबाबदार कोण, त्या एका माणसाचं नाव आधीच फॉर्मवर लिहून द्यायचं. मागाहून नाही."

हाच तिचा सापळा होता. केयूरला स्वतःच्या सहीने स्वतःचं नाव लिहावं लागेल असं तिने धरलं होतं. आठ दिवसांनी फॉर्म भरून आला. बाईंनी फोनवर वाचून दाखवला: जबाबदार व्यक्ती, देवेश गावडे.

फोन ठेवल्यावर प्रांजल आधी मोठ्याने हसली. मग तिच्या लक्षात आलं. केयूर पडणार, पण देवेशच्या अंगावर पडणार. पुन्हा अहवाल लिहिणार, नाव तेवढं बदलेल. देवेशचं भलं व्हावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण केयूरने याही खेपेला हात झटकून मोकळं व्हावं हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी ती वाकोल्याला गेली. देवेश राहायचा त्या इमारतीच्या दाराशी थांबली. तो बाजारातून येत होता, हातातल्या पिशवीतून बोंबलांचं पाणी गळत होतं. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"तू इथे?"

"फॉर्मवर तुझं नाव आहे, माहितीये ना?"

"केयूर म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे."

"मलाही तसंच म्हणाला होता, क्लायंटला एक नाव लागतं म्हणून."

देवेशने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याने सर्व्हर दुप्पट केलेत यंदा. टिकेल."

"दारं दुप्पट केलीत रे, आत कारकून एकच आहे. यादी चाळणारी ती ओळ अजून तशीच आहे ना?"

तो पिशवीतून गळणारं पाणी बघत राहिला.

"आहे ना?"

"आहे." मग एकदम आवाज खाली आणून, "प्रांजल, वाट लागेल यार माझी. तेजलला सातवा महिना आहे."

तेजल त्याची बायको. लग्नात प्रांजलने तिच्या ओटीत नारळ घातला होता. तिला क्षणभर कणव आली, आणि लगेच ती मान आठवली, वर न झालेली.

"मग ऐक. उपाय तुला माहीत आहे, तिन्ही मेलमध्ये तुझं नाव होतं. चार दिवसांचं काम आहे, तुझ्याकडे तेरा आहेत. केयूरला विचार, बदलू का म्हणून. तोंडी नको विचारू. मेसेज कर."

"तो हो म्हणाला तर?"

"तर तुमची साइट टिकेल आणि मी हरेन."

देवेश तिच्याकडे बघत राहिला. हिला हे कसं परवडतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. प्रांजलला परवडत होतं, कारण तिला उत्तर ठाऊक होतं. ती ओळ दुरुस्त करणं म्हणजे गेल्या वर्षीचा दोष तिथेच होता हे मान्य करणं. केयूरला दुरुस्ती करताच येणार नव्हती. त्याने स्वतःच्या खोटेपणाने स्वतःच्या हाताला कुलूप लावलं होतं, आणि ते उघडायची किल्ली ती त्याला मुद्दाम, मनापासून, देऊ करत होती. घेणार नाही याची खात्री होती म्हणून.

"आणि तो नाही म्हणाला तर?" देवेशने विचारलं.

"तर काय करायचं ते तू ठरव. मागच्या वेळी ठरवलंच होतंस ना?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

पुढचे दिवस ती घरातून हलली नाही. क्लासमधून सुट्टी घेतली. प्रत्येक मुलाचं पान आधीच बनवून ठेवायचं, ती पानं तीन वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवायची, एक पडला तर दुसऱ्याने धरायचं. पानावर चित्र नाही, हलणारी अक्षरं नाहीत. खेड्यातल्या मुलाच्या फोनवरही एका दमात उघडावं इतकं हलकं. ती एकेक सर्व्हर मुद्दाम बंद पाडून बघायची. बाबा चहा आणून ठेवायचे आणि बघत उभे राहायचे.

"स्वतःच बांधूक, स्वतःच मोडूक? ह्या काय?"

"दुसऱ्याने मोडायच्या आधी आपण मोडून बघायचं, बाबा."

"आमच्या खात्यात असोच एक मिस्त्री होतो," ते म्हणाले. "पण तो रागान मोडी नाय."

"मी रागाने मोडतेय असं वाटतं?"

"वाटता," म्हणाले आणि रिकामा कप घेऊन गेले.

चाचणी मुलुंडला संस्थेच्या सभागृहात होती, शनिवारी सकाळी अकराला. चाळीस शाळांचे शिक्षक फोन घेऊन बसले होते, आणि त्यांच्या जोडीला हजारो माणसं एकदम आल्यासारखी मागणी करणारं एक यंत्र संस्थेने तिऱ्हाईताकडून आणलं होतं. भिंतीवर दोन पडदे, प्रत्येकावर एक रेघ: पान उघडायला किती सेकंद लागतात ती.

केयूर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. प्रांजलला बघून म्हणाला, "अरे वा, छान चाललंय ना?" जणू लग्नात भेटला होता. देवेश त्याच्या मागे, चेहरा रात्रभर जागल्यासारखा.

मिनिटाला पाच हजार. दोन्ही रेघा खाली होत्या. केयूरच्या बाजूला दोन सेकंद, प्रांजलच्या बाजूला अर्धाही नाही. बारा हजार. केयूरची रेघ चढायला लागली: सहा सेकंद, नऊ, अकरा. पुढच्या रांगेतल्या एका सरांनी फोन झटकून पाहिला. अठरा हजार. रेघ सरळ छताकडे गेली आणि पडद्यावर पांढरं पान आलं.

दुसऱ्या पडद्यावर यंत्र साठ हजारांवर पोचलं तरी रेघ जमिनीलाच चिकटलेली होती. मध्येच प्रांजलने सगळ्यांना दाखवून आपला एक सर्व्हर बंद केला. रेघ जराशी उचलली आणि पुन्हा खाली बसली. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. प्रांजलचं टाळ्यांकडे लक्ष नव्हतं. ती केयूरकडे बघत होती.

मधुवंतीबाईंनी फॉर्म उचलला. "देवेश गावडे कोण?"

देवेश उभा राहिला.

"बाई, मी सांगतो," केयूर पुढे झाला. "आमची साइट कालपर्यंत व्यवस्थित होती. याने काल न विचारता एक सेटिंग बदलली. मलाही आत्ताच कळतंय. कारवाई होईलच."

तेच वाक्य. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. प्रांजलच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. देवेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या सभागृहात खरं काय ते सांगू शकणारी ती एकटीच बाहेरची होती. ओळ कुठली, उपाय काय, तिने त्याला काय सांगितलं होतं, सगळं तिला ठाऊक होतं. नुसतं उभं राहून बोलायचं होतं.

ती बोलली नाही. तिने नजर वळवून आपल्या स्क्रीनवर खिळवली, त्याने खिळवली होती तशी. बाई वाट बघत होत्या, केयूर वाट बघत होता, देवेश अजून तिच्याकडेच बघत होता. जवळजवळ मिनिटभर असं चाललं. कळू दे, ती मनात म्हणत होती, कळू दे कसं लागतं ते.

मग देवेशने खिशातून फोन काढला आणि माइकला लावला.

केयूरला मेसेज लिहायचा कंटाळा. तो गाडी चालवता चालवता बोलून पाठवायचा. हायवेवरच्या हॉर्नच्या गदारोळातून त्याचा आवाज सभागृहभर घुमला: "देव्या, ती रँकची ओळ बदलायची नाही, कळलं? बदललीस तर गेल्या वर्षी गडबड तिथेच होती हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. प्रांजलचा चॅप्टर क्लोज झालाय, परत उघडू नको. सर्व्हर वाढवलेत, निघून जाईल."

केयूर फोन घ्यायला पुढे झाला, तर पुढच्या रांगेतले सर उठून मध्ये उभे राहिले.

"गेल्या वर्षी प्रांजल सावंतने काहीही बदललं नव्हतं," देवेश म्हणाला. आवाज फाटला होता. "मी खोटी सही केली."

मधुवंतीबाईंनी केयूरकडे पाहिलं. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या मुलाकडे बघावं तसं. "प्रधान, तुम्ही निघा," एवढंच म्हणाल्या. तो दारापर्यंत पोचला तेव्हा प्रांजल उठून त्याच्या वाटेत उभी राहिली. अकरा महिने तिने या क्षणासाठी वाक्यं रचली होती, एकाहून एक जहरी.

"तुम्हाला काय, कुठेही काम मिळेल," ती म्हणाली.

केयूर मान खाली घालून गेला.

"ती ओळ मुळात लिहिली कोणी?" बाईंनी मागून विचारलं.

प्रांजल वळली. हे सांगायची वेळ कधी तरी येणार हे तिला माहीत होतं. "मी. नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हा मुलं नऊ हजार होती. पुढे चूक दिसली तेव्हा दुरुस्त करू द्या म्हणून मागे लागले, पण लिहिली मीच."

बाईंनी मान डोलावली आणि वहीत काही तरी टिपून घेतलं. काम प्रांजलला मिळालं. सोमवारी संस्थेने सगळ्या शाळांना पत्र पाठवलं: गेल्या वर्षीचा अहवाल खोटा होता, संस्थेने शहानिशा न करता तो स्वीकारला, याबद्दल श्रीमती सावंत यांची जाहीर माफी. प्रांजलने मागितलं नव्हतं तरी ओळीच्या लेखिकेचाही त्यात उल्लेख होता. बाई गणिताच्या होत्या, हातचा विसरणाऱ्यातल्या नव्हत्या.

एप्रिलात निकाल लागला. एकच्या ठोक्याला पहिल्या मिनिटात बेचाळीस हजार मुलांनी पान उघडलं आणि बेचाळीस हजारांना ते दिसलं. सव्वादोनपर्यंत गर्दी ओसरली. एकाही वर्तमानपत्रात बातमी आली नाही.

केयूरच्या बाकी ग्राहकांनी प्रांजलकडे आपापल्या नोंदी मागितल्या. तिने मागेल त्याला दिल्या, आणि मग सगळ्या उघड्यावरच मांडल्या, कोणीही बघाव्यात अशा. सातातले पाच ग्राहक गेले. मे महिन्यात केयूरचा फोन आला.

"ते पान काढ ना, प्रांजल. झालं ना तुझं समाधान? ऑफिस बंद करायची वेळ आलीये. सव्वीस माणसं आहेत."

"त्यात एकही आकडा चुकीचा असेल तर सांगा, दुरुस्त करते."

"चुकीचा नाहीये. पण..."

"मग राहू दे."

तिने फोन ठेवला. तिला वाटलं होतं, जीव थंड होईल. झालाही, पण तो जेवायच्या वेळेपर्यंतच. बाबांनी ताटात माशाची तुकडी वाढताना विचारलं, कोणाचा फोन होता. तिने सांगितलं. सव्वीस माणसांचंही सांगितलं. त्यांनी तिच्या ताटात आणखी थोडी आमटी वाढली.

केयूरचं ऑफिस जूनमध्ये बंद झालं. जुलैत देवेश आला, या खेपेला तो तिच्या दाराशी उभा होता. तिचं काम आता वाढलं होतं, घाटकोपरला दोन खोल्या घेतल्या होत्या, माणसं हवी होती. मुलगी झाल्याचे पेढे त्याने टेबलावर ठेवले.

"माणूस हवाय म्हणून ऐकलं."

"हवाय. पण तू नको."

तो उभाच होता.

"काम तुला येतं," प्रांजल म्हणाली. "पण साइट कोसळते ना, तेव्हा शेजारचा माणूस कुठे बघतो ते मी पाहिलंय. मला परत ते बघत काम करता येणार नाही."

"मी शेवटी बोललो ना?"

"बोललास. स्वतःवर आलं तेव्हा."

देवेशने मान हलवली. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. "खरंय. पण त्या दिवशी तूही एक मिनिट गप्प बसली होतीस. मी बघत होतो तुझ्याकडे. तुला सगळं माहीत होतं."

पंखा फिरत होता. पेढ्यांचा कागद फडफडला, त्यावर तिने पेपरवेट ठेवला.

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम बसले होते."

"माहितीये," देवेश म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

तिने त्याला परत बोलावलं नाही. तीन दिवस मात्र तिचं कामात धड लक्ष लागलं नाही. चौथ्या दिवशी ओळखीच्या एका कंपनीला अनुभवी माणूस हवा असल्याचं कळलं, तेव्हा तिने त्यांना मेल लिहिला: 'देवेश गावडे यांच्याबरोबर मी सहा वर्षं काम केलं आहे. काम उत्तम. एकदा माझ्याविरुद्ध खोटी सही केली, नंतर सर्वांसमोर कबूल केली. दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन ठरवावं.' पाठवायच्या आधी तिने तो पुन्हा वाचला. खोट्या सहीचं वाक्य खोडावं का, असा विचार केला, आणि तसाच पाठवून दिला.